सहा वर्षांची मोठी आलिशान एसयूव्ही गोव्यात घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर बांदोड्याला, दुकान फोंडा बाजारात, म्हणजे रोजची धाव जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. घरात सहा माणसं, त्यात आई-वडील सत्तरीच्या पुढचे आणि आईंचे गुडघे दुखतात. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला बहिणीकडे जाणं होतं. सात आसनांची, एअर सस्पेन्शनवाली (म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी), २०२० सालची जर्मन डिझेल एसयूव्ही साठ लाखांना मिळते आहे आणि ती फक्त ३१ हजार किलोमीटर चालली आहे. मेहुण्यांचं म्हणणं, असल्या गाड्यांचा भरवसा नसतो, घ्यायचीच तर टोयोटाची लँड क्रूझर घ्या. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: एवढ्या पैशांत मिळणारं सुख खरंच तेवढं आहे का, आणि गाडी टिकेल का.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. पहिली आठ वर्षं एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली, पुढे म्हापशाजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं. या वजनाच्या गाड्या माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या नावापेक्षा तिच्या दिनक्रमात आहे. गाडी रोज किती चालेल, कुठे उभी राहील, पावसाळ्याचे चार महिने कसे काढेल, हे आधी ठरवा. ३१ हजार हा आकडा तुम्हाला धीर देतोय. मला मात्र त्याचीच काळजी वाटते. सहा वर्षांत ३१ हजार म्हणजे दिवसाला जेमतेम चौदा किलोमीटर. गोव्याच्या हवेत एवढं कमी चालणं गाडीला मानवत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी सुखाबद्दल, कारण ते खरं आहे. मर्सिडीजची जीएलएस किंवा बीएमडब्ल्यूची एक्स७ घ्या. दोन्ही पाच मीटरांहून लांब, दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३१०० मिलिमीटरच्या पुढे. त्यामुळे तिसऱ्या ओळीत मोठा माणूसही गुडघे छातीला न लावता बसतो. मधल्या ओळीच्या सुट्या खुर्च्या, मागच्यांसाठी वेगळा एसी, खालून गार हवा सोडणारी आसनं, हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हात कळतं. आणि एअर सस्पेन्शन. चोर्ल्याच्या घाटात पावसाने उखडलेल्या पट्ट्यावरून गाडी जाते तेव्हा मागे झोपलेलं मूल उठत नाही. माझे एक जुने ग्राहक आहेत, त्यांच्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ते दर महिन्याला तपासणीसाठी बेळगावला जायचे. आधीच्या गाडीत दोनदा थांबून पाठ टेकवावी लागायची. मोठी गाडी आल्यावर ते थेट जाऊ लागले. अशा घराला मी खर्चाचा हिशेब दाखवत बसत नाही.

तुमच्या आईंसाठी मात्र आणखी एक गोष्ट बघा. उंच गाडीत चढणं गुडघेदुखीच्या माणसाला सोपं नसतं. एअर सस्पेन्शनची गाडी बटण दाबल्यावर काही सेंटिमीटर खाली बसते, त्याचा उपयोग होतो, पण तेवढ्याने सगळ्यांचं भागत नाही. तेव्हा आईंना घेऊन जा, त्यांना तीनदा चढू-उतरू द्या, बाजूला उभं राहून त्यांचा चेहरा बघा. शोरूममध्ये माणसं गाडीत बसून बघतात. उतरून बघायला विसरतात.

रुंदीचंही तेच. आरशांसकट या गाड्या सव्वादोन मीटरच्या आसपास भरतात. बांदोड्यातून रामनाथीकडे, कवळ्याकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून बस आली की कुणीतरी मागे घ्यायचं, आणि ते तुम्हालाच घ्यावं लागणार. स्वतःच्या गेटची रुंदी टेपने मोजा, आणि आत वळायला किती जागा आहे तेही. चिऱ्याला घासलेला दरवाजा रंगवायचा खर्च ऐकून कितीतरी लोक माझ्यासमोर गप्प झालेले आहेत.

आता टिकण्याकडे येतो. गेल्या पावसानंतर माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन गाड्या आल्या. एक पाच वर्षांची, १९ हजार किलोमीटर चाललेली. मालक बाहेरगावचे, इथे फ्लॅट, महिन्या-दोन महिन्यांनी येणार, एरवी गाडी बिल्डिंगखाली उघड्यावर. कागदोपत्री सगळी सर्व्हिस वेळेवर. दुसरी सात वर्षांची, १ लाख ४० हजार चाललेली. मालक कंत्राटदार, आठवड्याला एकदा तरी बेळगाव. पहिलीचं काम सहा लाखांच्या वर गेलं. दुसरीचे ब्रेक पॅड, पुढचे दोन बुश आणि ऑइल, एवढंच केलं. दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या. या वर्गातल्या गाडीत सुख देणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट रबर, वायर, पंप आणि सेन्सर यांची बनलेली असते, आणि या चार गोष्टी किलोमीटरपेक्षा वर्षांनी म्हाताऱ्या होतात.

तुमच्या बाबतीत पहिली अडचण डिझेलची. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या कडक सरकारी नियमांतल्या) डिझेल गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवून धरणारी गाळणी. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल वापरून सायलेन्सरकडचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी सलग, बऱ्या वेगाने चालायला हवी. बांदोडा ते फोंडा बाजार हे अंतर इंजिन नीट तापायच्या आत संपतं. काजळी जाळायला सुरुवात होते, तुम्ही दुकानापाशी गाडी बंद करता. संध्याकाळी पुन्हा तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते, ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बेअरिंगला ते सोसत नाही. ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात. वाढलं तर कुणी लक्ष देत नाही, आणि डिझेल गाडीत ते लक्षण जास्त वाईट.

अॅडब्लूची गोष्टही कमी चालणाऱ्या गाडीलाच नडते. धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं हे युरियाचं पाणी उष्णतेत टिकत नाही. तीस अंशांच्या आसपास साठवलं तर साधारण वर्षभर धरायचं, त्याहून गरम जागी आणखी कमी. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. जुनं झालेलं द्रावण इंजेक्टरपाशी पांढरे खडे धरतं, सेन्सर तक्रार करतो, मग डॅशबोर्डवर उलटी मोजणी सुरू होते, अमुक किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही. होत नाहीच. टाकीत अॅडब्लू भरपूर असताना असं होतं तेव्हा माणूस गोंधळतो.

एअर सस्पेन्शनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते आणि सगळ्यात जास्त नुकसान दुर्लक्षाने होतं. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो, त्याला आम्ही बेलो म्हणतो. एक छोटा कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. रबर घडीवर घडी पडून, ऊन आणि खारी हवा खाऊन बारीक तडकतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून दिसायला लागतं. सुरुवातीची गळती इतकी कमी असते की गाडी चालू असताना काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर ती भरून काढतो. पण तो अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला आहे. रोज सकाळी त्याला पाच मिनिटं राबावं लागलं तर तो तापतो आणि शेवटी जळतो. हवा कोरडी करणारी त्याची पुडी आपल्या दमट हवेत लवकर भिजून निकामी होते, मग पाणी व्हॉल्व्हच्या ठोकळ्यापर्यंत पोचतं. एका बेलोचं काम अशा रीतीने तीन वस्तूंचं होऊन बसतं.

यावर उपाय सोपा आहे. रात्री सपाट जागी गाडी लावताना चारही चाकांच्या वरचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. सकाळी सुरू करायच्या आधी पुन्हा मोजायचं. एखादा कोपरा बोटभर खाली आला असेल तर त्याच आठवड्यात साबणाचं पाणी मारून गळती शोधायची आणि त्या अॅक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, दोन्ही बेलो बदलायचे. एकच बदलला तर दुसरा वर्षभरात मागे येतो. हे वेळेवर केलेल्या गाड्यांचे कॉम्प्रेसर दहा वर्षं चाललेले मी बघितले आहेत. आणखी एक, गाडी कधी फ्लॅटबेडवर चढवायची किंवा जॅक लावायचा झाला तर आधी जॅक मोड (सस्पेन्शनने आपोआप उंची बदलू नये म्हणून असलेली सेटिंग) लावायला सांगा. टोइंगवाल्याला ते माहीत असतंच असं नाही.

पाऊस म्हटलं की लोक रस्त्यावरच्या पाण्याला भितात. ते भ्यायलाच हवं. रेंज रोव्हर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, लँड क्रूझर ७०० मधून, असे आकडे वाचून पाण्यात गाडी घालू नका. वाहतं पाणी आणि दिसत नसलेला खड्डा त्या आकड्यांत नसतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण माझ्याकडे येणाऱ्या ओल्या गाड्यांत नदीनाल्याच्या थोड्या, छतावरून भिजलेल्या जास्त. मोठ्या सनरूफच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात. फणसाचा पाला, आंब्याचा मोहोर, काजूची सुकी पानं त्यात अडकली की पाणी नळीऐवजी आत उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. गालिच्याखाली फोमचा जाड थर असतो, वरून हात लावला तर कोरडं वाटतं. त्याच्याच खाली वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वर सांगितलेली १९ हजार किलोमीटरची गाडी याच कारणाने आली होती. कनेक्टर उघडले तर पिना हिरव्या पडलेल्या, दोन युनिट गेलेली, अर्धं वायरिंग बदलावं लागलं. मे महिन्याच्या शेवटी त्या नळ्या साफ करायला अर्धा तास लागतो. एवढं एक काम प्रत्येक मालकाने दर वर्षी करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उभ्या गाडीतही कितीतरी युनिट थोडा-थोडा करंट घेत असतात, म्हणून आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी हळूहळू चार्ज ठेवणारं यंत्र) लावून ठेवा, आणि बॅटरी बदललीत तर नवी बॅटरी गाडीच्या सिस्टिममध्ये नोंदवून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्या हिशेबाने होत राहतं. पावसाळ्यात बरेच दिवस उभी ठेवताना सपाट जागा असेल तर पार्किंग ब्रेक न लावता पी मध्ये ठेवून चाकांना ओंडके लावा, पॅड डिस्कला चिकटत नाहीत. उंदीर-घुशींसाठी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, आणि गाडीशेजारी भाताची पोती ठेवू नका. माडाखाली तर गाडी लावूच नका. टायरवरचे चार अंक वाचायला शिका, २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या टायरवर सहा माणसं घेऊन पुण्याला जाऊ नका. २१-२२ इंची चाकं फोटोत छान दिसतात. त्याच मॉडेलला २० इंची बसत असतील तर ती घ्या, आपल्या रस्त्यांवर रिम आणि कंबर दोन्ही वाचतात.

गिअरबॉक्सबद्दल एक वाद नेहमी निघतो. गाडी बनवणाऱ्या काही कंपन्या सांगतात, गिअर ऑइल आयुष्यभराचं. पण एक्स७ आणि रेंज रोव्हरमध्ये जो आठ गिअरचा बॉक्स असतो तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदलायला सांगते. मी बॉक्स बनवणाऱ्याचं ऐकतो.

आता लँड क्रूझर. तुमचे मेहुणे चुकीचं सांगत नाहीत. ३०० मालिकेची लँड क्रूझर शिडीच्या चासीवर उभी आहे, मागे सलग अॅक्सल, चारही चाकांना साध्या स्टीलच्या स्प्रिंगा. हवेचे फुगेच नाहीत तर ते गळणार कुठून. वर्षांनी म्हातारं होणारं सामान तिच्यात कमी आहे, आणि तिचा टिकाऊपणा मी लिफ्टवर गाडी चढवून स्वतः बघितला आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तिची नवी किंमत दोन कोटींच्या पुढे आहे, त्यामुळे साठ लाखांच्या गाडीशी तुलना करताना हिशेब एकाच पातळीवर राहत नाही. आणि तिचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर, म्हणजे वर सांगितलेल्या दोघींपेक्षा पाव मीटरने कमी. ती उंच आहे आणि मागच्या आसनावर खड्डा जास्त जाणवतो. ती बनवलीय ती वाट नसलेल्या मुलखासाठी. तुमची गरज आईंचे गुडघे आणि पुण्याचा प्रवास ही आहे. डीपीएफचा प्रश्न तर कुठल्याही बीएस ६ डिझेलला आहे, तो लँड क्रूझर घेतल्याने सुटत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. जुन्या गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांच्या गाडीला भाग लागतात ते सव्वा-दीड कोटीच्या गाडीचे. मी ग्राहकांना सांगतो, विमा, इंधन आणि टायर सोडून वर्षाला तीन-चार लाख वेगळे ठेवा. एखाद्या वर्षी पन्नास हजारांत भागेल, एखाद्या वर्षी पाच लाख लागतील. ही रक्कम बाजूला ठेवताना दुकानाच्या भांडवलाला हात लावावा लागणार असेल तर ही गाडी घेऊ नका. विम्यात इंजिन प्रोटेक्शन (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई) आहे ना ते बघा, आणि झीरो डेप्रिसिएशन (भागांची झीज न कापता भरपाई) या वयाच्या गाडीला मिळतं का ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. गाडी गोव्याबाहेरची असेल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची झाल्यास इथे पुन्हा नोंदणी करावी लागते, तो कर किमतीत धरा.

म्हणजे तुमचं उत्तर तीन गोष्टींवर येऊन थांबतं: घराला झाकलेली पोर्च आहे का, आठवड्यातून एकदा ४०-५० किलोमीटरची सलग फेरी तुम्ही न चुकता मारणार का, आणि त्या गाडीची वॉरंटी अजून वाढवून मिळते का. तिन्हींना होकार असेल तर डिझेलही घ्या, रविवारी पहाटे तेवढी फेरी मारून या, गाळणी साफ राहील. फेरी जमणार नसेल, आणि दुकान चालवणाऱ्या माणसाला ती बहुधा जमत नाही, तर त्याच गाडीचं पेट्रोल मॉडेल शोधा. पुण्याच्या दोन-तीन फेऱ्यांना जादा लागणारं पेट्रोल एका डीपीएफच्या किमतीपुढे काहीच नाही. पेट्रोल गाडीलाही छोट्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये पाणी धरतं, म्हणून किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला ऑइल बदला, आणि २०२३ च्या आधीची असेल तर इंधनाच्या झाकणापाशी इथेनॉलचं किती प्रमाण चालतं ते वाचून घ्या, कारण पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. पोर्च नसेल तर माझं मत, आधी पोर्च बांधा, गाडी पुढच्या चवथीला घ्या.

तरीही हीच गाडी बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर का ते विचारा. मग चारही चाकांवरची उंची मोजा. पुढच्या दोन्ही बाजूंचा गालिचा कडेने उचलून फोमच्या खाली बोटं घाला. सनरूफ उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता आणि ते गाडीखाली पडतंय का बघा. ऑइलची पातळी बघा, जास्त तर नाही ना. शेवटी स्कॅनर लावून डीपीएफची शेवटची पूर्ण सफाई किती किलोमीटरमागे झाली आणि आत किती काजळी आहे ते वाचून घ्या. एवढ्याला दीड तास लागतो, आणि जो विकणारा तेवढा वेळ देत नाही त्याची गाडी सोडून द्या. स्कॅनरवरचे दोन आकडे आणि सकाळी मोजलेल्या चार उंच्या मला कळवा, मग त्या गाडीबद्दल नेमकं बोलता येईल.